आजारपणाचा भत्ता चालू असताना आजारी माणसाने आपल्या घरी जायचं नाही का?

खानापूरकर

मुद्दा आधीच सांगतो. आजारपणामुळे कामावर जाता येत नाही म्हणून ज्याला भत्ता मिळतो, तो माणूस काही आठवडे आपल्या माणसांत राहायला दुसऱ्या देशात किंवा दुसऱ्या राज्यात गेला, तर तेवढ्या कारणावरून त्याचा भत्ता बंद होता कामा नये. कळवून जावं, डॉक्टरचा दाखला पाठवत राहावं, बोलावलं तर तपासणीला हजर व्हावं. एवढं पुरे आहे.

विषय निघाला तो माझ्या भाचीवरून. ती ब्रिटनमध्ये परिचारिका आहे. पाठीच्या मणक्याचं दुखणं वाढलं आणि रुग्ण उचलायचं काम सुटलं. तिथे मालकाकडून मिळणारा वैधानिक आजारपण भत्ता जास्तीत जास्त २८ आठवडे चालतो. तो संपला की स्वतः भरलेल्या राष्ट्रीय विम्याच्या हप्त्यांवर सरकारकडून दुसरा मिळतो, त्याला तिथे एम्प्लॉयमेंट अँड सपोर्ट अलाउन्स म्हणतात. हा दुसरा भत्ता चालू ठेवून देशाबाहेर जायचं तर मुदत चार आठवडे. परदेशात त्याच आजारावर उपचार घ्यायचे असतील तर २६ आठवडे. म्हणजे बेळगावात येऊन शस्त्रक्रिया करून घेतली तर सहा महिने चालतं. पण आई दोन वेळचं ताट हातात देते, अंघोळीचं पाणी काढते, उठता-बसताना धरते, याला कोणी उपचार म्हणत नाही. पाचव्या आठवड्यात भत्ता बंद. तिकडेच एकटी खोलीत पडून राहिली तर मात्र चालू.

आपल्याकडे याहून वेगळं नाही. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम करणारी कितीतरी पोरं चंदगड तालुक्यातली आहेत. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं. राज्य पुनर्रचनेत तेवढा एक तालुका मुंबई राज्यात ठेवला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूरला गेला. सोयरीक, शेती, देवदेव सगळं दोन्हीकडे आहे. त्यातला एखादा पोरगा आजारी पडला आणि ईएसआयचा, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचा, भत्ता घेत गावी गेला, तर त्याला आधी डॉक्टरची परवानगी लागते. अंगात ताप असलेल्या माणसाने आधी रांगेत उभं राहून आईकडे जायची परवानगी मागायची, हे मला पटत नाही.

टाइम ऑफिस, टिळकवाडी

खानापूरकर, तुमच्या भाचीला लवकर आराम पडो. पण मी पूर्ण विरोधात आहे आणि कारणं सांगतो. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या टाइम ऑफिसात झाली, हजेरी आणि ईएसआयचे कागद याच हातांनी केले आहेत.

ईएसआयमध्ये कामगार पगाराच्या ०.७५ टक्के भरतो, मालक ३.२५ टक्के. पगाराची मर्यादा २१,००० रुपये. आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतात, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. हे पैसे त्या एकट्याने साठवलेले नाहीत. बाजूच्या मशीनवर उभा असलेला, कधीच आजारी न पडणाराही त्यात भरतो. त्याने विश्वासाने भरत राहावं म्हणून अटी आहेत. १९४८ च्या ईएसआय कायद्याचं, ज्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, कलम ६४ वाचा. भत्ता घेणाऱ्याने योजनेच्या दवाखान्याच्या उपचाराखाली राहावं, बरं होण्यात अडथळा येईल असं काही करू नये, परवानगीशिवाय तो भाग सोडून जाऊ नये आणि नेमलेल्या डॉक्टरला तपासू द्यावं. यात जुलूम कुठे आहे? जाऊ नको असं कायदा म्हणत नाही, विचारून जा म्हणतो.

आणि कडू वाटलं तरी बोलतो. सुगी आली की दाखले वाढायचे. गावात महालक्ष्मीची यात्रा निघाली की वाढायचे. सगळे खोटे होते असं मी म्हणणार नाही. पण कंबरदुखीचा दाखला देऊन भात कापणीला गेलेला माणूस मला ठाऊक आहे आणि त्याच्या जागी सलग दुसरी पाळी करणाराही ठाऊक आहे. त्या दुसऱ्याचा विचार कोण करणार?

मोल्डर

काका, तुमचं म्हणणं खोटं नव्हे. पण आमची बाजू पण बघा की.

आम्ही एका खोलीत चौघं ऱ्हातोय. दोघं दिवसपाळी, दोघं रातपाळी. एकजण आजारी पडला तर त्याला झोपायला जागा हाय, पण त्याच्याजवळ बसायला माणूस नाही. भट्टीवरनं आलेला माणूस भाकरी करणार की ह्याच्या डोक्यावर पट्ट्या ठेवणार? गावाकडं आई हाय, बायको हाय. एसटीनं दीड-दोन तासात माणूस घरात पोचतो. तिथं तो आठ दिवसात उठून बसतो, इथं तेच दुखणं महिनाभर चालतंय. ईएसआयचा पैसा वाचतो कुठं, सांगा तुम्ही.

परवानगी घ्या म्हणणं सोपं हाय. डॉक्टर त्या दिवशी असले पायजेत, त्यांनी लिहून द्यायला पायजे. तोंडी "जा की" म्हणतात आणि कागदावर काय नसतं. नंतर पैसे अडकले की दाद कुणाकडं मागायची?

सीमावासी

मुळात ही परवानगी लागते कारण मधे सीमा आहे. चंदगड आणि बेळगाव एका राज्यात असते तर हा प्रश्नच आला नसता. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ८६५ सीमाभागातल्या गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटक सरकारने किती विरोध केला ते आठवा. आजारी माणसाच्या मदतीवरसुद्धा राजकारण होतं.

टाइम ऑफिस, टिळकवाडी

सीमावासी, सीमाप्रश्नावर मी तुमच्याच बाजूचा आहे, पण इथे तो लागू नाही. ईएसआय केंद्राची योजना आहे. कलम ६४ मध्ये राज्याची हद्द लिहिलेली नाही, उपचाराचा भाग लिहिला आहे. उद्यमबागेतला माणूस सौंदत्तीला गेला तरी तीच अट लागते.

खानापूरकर

काकांचं हे बरोबर आहे. तरी ८६५ गावांच्या उदाहरणातून एक घेण्यासारखं आहे. मदत माणसाच्या मागे सीमेपलीकडे जाऊ शकते, हे त्या निर्णयाने दाखवलं. अडचण तांत्रिक नव्हती.

वॉर्डातली ताई

मी स्वतः ब्रिटनमध्ये परिचारिका आहे, माहेर शहापूर, बेळगाव. खानापूरकर दादा, भाचीविषयी वाचून वाईट वाटलं, पण चार आठवड्यांची अट मला अन्यायाची वाटत नाही.

आधी थोडं स्पष्ट करते, कारण यात आपली माणसं फार गोंधळतात. मालक देतो तो आजारपण भत्ता परदेशात असतानाही चालू राहू शकतो, तुम्ही पात्र असलात आणि मालकाच्या नियमाप्रमाणे कळवत राहिलात तर. तिथे चार आठवड्यांची गोष्ट येत नाही. ती येते सरकारी भत्त्याला. त्यातही आपल्यापैकी बहुतेकांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीतून मदत घ्यायची नाही असा शेरा असतो. हप्त्यांवर मिळणारा भत्ता त्यात मोडत नाही, म्हणून भाचीला तो घेता आला. पण युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची सरकारी मदत, किंवा पीआयपी, म्हणजे अपंगत्वाचा भत्ता, तिला मागताच येणार नाही. चुकून मागितला तर व्हिसावर बेतेल. हे तिला नक्की सांगा.

आता मत. हा भत्ता काम करू न शकणाऱ्याला मिळतो आणि काम करायची क्षमता परत आली का हे त्यांना मधूनमधून बघावं लागतं. माणूस खानापुरात असेल तर ते कसं बघणार? उलट पीआयपी बघा. तो अपंगत्वामुळे वाढणाऱ्या खर्चासाठी आहे, म्हणून त्यात १३ आठवडे बाहेर राहता येतं, उपचारासाठी २६. कारण वेगळं, म्हणून मुदत वेगळी. याला मी आंधळा नियम म्हणणार नाही. आणि माझ्या वॉर्डात एक जण रजेवर गेली की तिचे रुग्ण आम्हीच वाटून घेतो. ती कधी परतणार हे विचारायचा हक्क आम्हाला आहे.

निपाणीचे डॉक्टर

परवानगीची अट का आली ते समजून घ्या. ज्या डॉक्टरने औषध सुरू केलं त्याला रोगी पुन्हा दिसला पाहिजे. क्षयरोगात तर हे फार महत्त्वाचं आहे. दोन महिने गोळ्या घेऊन बरं वाटलं, गावी गेला, गोळ्या सोडल्या आणि औषधाला दाद न देणारा क्षय घेऊन परत आला, असे रोगी मी पाहिले आहेत. ईएसआयमध्ये क्षयासारख्या ३४ दीर्घ आजारांना वाढीव भत्ता आहे, रोजाच्या ८० टक्के. तेवढा पैसा देताना उपचार चालू आहे का हे बघणं गैर नाही.

पण अट घातली तेव्हा माणूस दूर गेला की त्याची काहीच माहिती मिळत नसे. आता क्षयरोग्याची नोंद नि-क्षय या देशभराच्या यंत्रणेत असते. तो बेळगावातून चंदगडला गेला तर नोंद तिकडच्या केंद्राकडे वर्ग करता येते आणि गोळ्या तिथे मिळतात. पोषणासाठीचे पैसे, जे १ नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये झाले, थेट त्याच्या बँक खात्यात जातात. तो कुठल्या गावात झोपतो यावर ते अडत नाहीत. एकाच रोग्याच्या एका मदतीला हे जमतं, तर दुसरीला का जमू नये?

आणखी एक. सीमाभागातला रोगी नेहमीच बाहेर जात आला आहे. मोठं दुखणं झालं की मिरज, नाहीतर गोव्यात बांबोळी. हे आमच्या भागातलं नेहमीचं आहे, त्यात फसवणूक शोधू नका.

मोल्डर

डॉक्टरसाहेब, गावाकडच्या सरकारी दवाखान्यातला दाखला ईएसआयला चालतो काय? आमच्यात सगळे नाही म्हणतात.

टाइम ऑफिस, टिळकवाडी

मीच सांगतो. ईएसआयच्या १९५० च्या नियमांत ५३ वा नियम आहे. नेहमीचा दाखला ईएसआयच्या डॉक्टरचाच लागतो. पण प्रकरण तसं असेल तर महामंडळ सरकारी किंवा नगरपालिकेच्या डॉक्टरचा, अगदी नोंदणीकृत खासगी डॉक्टरचाही दाखला पुरावा म्हणून मान्य करू शकतं. शब्द "शकतं" असा आहे, करेलच असं नाही. म्हणून जाण्याआधी लेखी अर्ज द्यायचा, त्याच्या प्रतीवर पोच घ्यायची आणि गावी गेल्यावर पहिल्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नाव घालायचं. आठ दिवसांनी मागची तारीख टाकून आणलेला दाखला कोणी मानत नाही आणि मानूही नये.

पण यावरून माझं मत बदललं असं समजू नका. जगभर हेच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५२ चा १०२ क्रमांकाचा करार, म्हणजे सामाजिक सुरक्षेचे किमान दंडक, त्याच्या ६९ व्या कलमात माणूस देशाबाहेर असेपर्यंत भत्ता थांबवायची मुभा दिली आहे. जर्मनीत आजारपणाचा भत्ता देशाबाहेर गेलं की थांबतो, आरोग्य विमा मंडळाने आधी संमती दिली तरच चालू राहतो. कामगारांची बाजू घेणाऱ्यांनीच हे नियम मान्य केलेले आहेत.

खानापूरकर

काका, मुभा म्हणजे सक्ती नव्हे. त्या कराराने थांबवाच असं सांगितलेलं नाही. आणि जर्मनीचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. संमती घेऊन गेलात तर भत्ता चालू, त्याला चार आठवड्यांची सरसकट रेघ नाही. रोगी कोण, आजार कोणता, तिकडे काळजी घ्यायला कोण आहे, हे बघून ठरवता येतं.

ताई, तुमचा मुद्दा मी मनापासून घेतला. सोबतच्या परिचारिकांवर भार पडतो हे खरं. पण भाची तिकडच्या खोलीत पडून राहिली तर तुमच्या वॉर्डात एक माणूस वाढत नाही. ती लवकर उभी राहिली तर वाढतो. मणक्याच्या दुखण्यात माणूस एकटा असला की भीतीने हालचाल बंद करतो आणि दुखणं मुरतं. घरात कोणी हाताला धरून चालवलं तर फरक पडतो, हे डॉक्टरही नाकारणार नाहीत.

मला खरं खुपतं ते हे. फसवणाऱ्याला पकडायचं काम कार्यालयाचं आहे. ते जमत नाही म्हणून प्रत्येक आजारी माणसाला जागेवर बांधून ठेवायचं, ही तडजोड दुबळ्या माणसाच्या जिवावर केलेली आहे. भात कापणीला गेलेला पकडा, त्याचा भत्ता परत घ्या, मी तुमच्याबरोबर उभा राहीन. पण ज्याला उठवत नाही त्याने त्याची शिक्षा का भोगायची?

निपाणीचे डॉक्टर

खानापूरकर, मणक्याबाबत दुरुस्ती करतो. हालचाल महत्त्वाची, हे बरोबर. पण घरच्या मायेत उलटही होतं. "पडून राहा, काही करू नको" म्हणत घरचे महिनोन् महिने अंथरुणात ठेवतात. भाची आली तर तिला फिजिओथेरपिस्टकडे घेऊन जा. तो उपचारच आहे आणि त्याचे कागद होतात.

वॉर्डातली ताई

डॉक्टरांनी नेमकं सांगितलं. दादा, निघायच्या आधी तिने जॉबसेंटरला, म्हणजे भत्त्याचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाला, कळवायला हवं. कुठे जाणार, कशासाठी, कधी परतणार, सगळं. उपचारासाठी जाणार असेल तर बेळगावातल्या डॉक्टरचं पत्र सोबत जोडावं, त्यात आजार, उपचाराची मुदत आणि तारखा असाव्यात. तिकडे गेल्यावर बघू म्हणून ती निघाली तर चार आठवड्यांचीच मुदत धरली जाईल. मात्र उपचार खरोखर घ्यायचे. नुसतं पत्र आणून घरी बसायचं असेल तर मी मदत करणार नाही, हे स्पष्ट सांगते.

खानापूरकर

ताई, तेच करतो. फिजिओथेरपी इथे घ्यायचीच आहे, पत्र खरंच असेल.

काका, मधला मार्ग सुचवतो. परवानगी नाकारायची तर लेखी, कारण देऊन आणि दोन दिवसांत. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर परवानगी दिली असं धरायचं.

टाइम ऑफिस, टिळकवाडी

लेखी कारण, मान्य. मोल्डर म्हणतो तसा तोंडी कारभार मीही पाहिला आहे, तो बंद व्हायला हवा. दोन दिवसांत उत्तर नाही म्हणजे परवानगी, हे अमान्य. दवाखान्यात डॉक्टरच कमी असतील तर त्याचा फायदा लबाडाला होईल. पंधरा दिवसांपर्यंत सरकारी दाखल्यावर विश्वास ठेवा. त्यापुढे माघारी येऊन तपासून घ्यायलाच हवं, नाही आला तर भत्ता बंद.

मोल्डर

आणि माघारी यायचा खर्च? पैसा नाही म्हणून तर गावाकडं गेलेला असतोय तो. डॉक्टरांनीच बोलावलं तर भाडं कुणी द्यायचं?

टाइम ऑफिस, टिळकवाडी

ज्याने बोलावलं त्याने. हे मला मान्य आहे. बाकी पंधरा दिवसांवरून मी हलत नाही.