सात मात्रांचे 'मनी' आणि तुमचे अलीकडचे ऐकणे

माझी धाकटी मुलगी तबला शिकते आणि सध्या तिचा रूपक, म्हणजे सात मात्रांचा ताल, चालू आहे. गेल्या रविवारी मी पिंक फ्लॉइडचा १९७३ सालचा 'द डार्क साइड ऑफ द मून' लावला होता. 'मनी' सुरू होऊन नाण्यांचा खुळखुळाट आणि गल्ल्याचा आवाज फिरू लागला, तशी ती गृहपाठ बाजूला ठेवून बोटांवर मोजू लागली आणि म्हणाली, "बाबा, हे सातात आहे." पंचवीस वर्षे ऐकूनही मी कधी मोजले नव्हते. पुढे गिटारची पाळी आली तेव्हा तिचा हात अडखळला, कारण तिथे ही मंडळी सात सोडून चारावर येतात. वसतिगृहात आम्ही ही कॅसेट दिवे मालवून ऐकत असू आणि बाजू उलटायला कोणी उठायचे यावरून रोज भांडत असू, ते सगळे आठवले. तेव्हापासून मी सुटी गाणी सोडून अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकतो आहे. आपण अलीकडे काय ऐकलेत?

प्रतिसाद १

बीटल्सचा १९६६ चा 'रिव्हॉल्व्हर' ऐकतो आहे. 'लव्ह यू टू' मधला तबला अनिल भागवत यांचा आहे आणि वेष्टनावर त्यांचे नावही छापलेले आहे. आपल्याकडचे आडनाव तिथे वाचून मला जे वाटले ते वयाला शोभणारे नव्हते. पुढच्याच वर्षी 'विदिन यू विदाउट यू' साठी वाजवणाऱ्या भारतीय वादकांची नावे मात्र वेष्टनावर आली नाहीत, याचा राग अजून आहे. शेवटचे 'टुमॉरो नेव्हर नोज' जवळजवळ एकाच सुरावर उभे आहे. तानपुरा लावून बसणाऱ्या घरात वाढलेल्याला ते परके वाटत नाही.

प्रतिसाद २

भागवतांच्या उल्लेखावरून आठवले. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईत येऊन 'वंडरवॉल म्युझिक' या अल्बमचा काही भाग आणि 'द इनर लाइट' या गाण्याची साथसंगत ध्वनिमुद्रित केली होती. त्या वर्षी माझे वडील रोज चर्चगेटला उतरत आणि त्यांना याचा पत्ताही नव्हता. मी सांगितल्यावर ते म्हणाले, "असेल बुवा, आम्ही लोकल पकडण्यात होतो."

प्रतिसाद ३

मला यातले फारसे कळत नाही, पण पोळ्या लाटताना धागा वाचला आणि सात मात्रांत लाटून पाहिली. पोळी गोल होत नाही.

प्रतिसाद ४

ताई, चारावर आणा, होईल.

माझ्याकडे सध्या पिंक फ्लॉइडचाच 'विश यू वेअर हिअर' चालू आहे, आणि तो मला एका बैठकीत पुरा करवत नाही. जून १९७५ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' वर काम चालू असताना एक स्थूल, डोके आणि भुवया भादरलेला माणूस येऊन बसला. तो सिड बॅरेट होता. ज्याने हा गट उभा केला आणि ज्याच्यावर ते गाणे होते, त्यालाच सोबत्यांनी आधी ओळखले नाही. मागच्या महिन्यात एका लग्नात शाळेतला मित्र समोर उभा राहिला आणि मी त्याला "आपण मुलाकडचे का?" असे विचारले. तो हसला, पण जेवायला थांबला नाही. घरी येऊन मी हाच अल्बम लावला, ते बहुधा चुकलेच.

प्रतिसाद ५

चुकले नाही. त्याला फोन करा.

धागाकर्त्यांना एक दुरुस्ती सुचवतो. रूपकाच्या पहिल्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळीऐवजी रिकामा हात, येते, आणि 'मनी' मध्ये तर बास पहिल्याच मात्रेवर दणका देतो. म्हणून कन्येला पखवाजाचा तेवरा ताल ऐकवा; मात्रा सातच, पण समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, टाळी. शिवाय फोनवर हा अल्बम ऐकणाऱ्यांना विनंती आहे की जाहिराती येणार नाहीत अशी सोय करा. एक गाणे दुसऱ्यात मिसळत असताना मध्येच मला गृहकर्जाची माहिती ऐकावी लागली.

धागाकर्ता

दुरुस्ती मान्य आहे. मुलीला तेवरा सांगितला, तेव्हा तिने "धा दिं ता" म्हणत पुन्हा 'मनी' लावायला लावले. गिटारपाशी तिने हात वर धरून ठेवला आणि सात परत आले तसा खाली आणला. आता तिला सिड बॅरेटचे काय झाले ते हवे आहे.