मदत हवी आहे : टचस्क्रीनवर दोघांनी एकदम हात लावला की रेषा भरकटतात
नमस्कार मंडळी. मी मूळची जलरंगात काम करणारी चित्रकार. सहा महिन्यांपासून पी-फाइव्ह जेएस, म्हणजे कोड लिहून चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी, शिकतेय. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या प्रोसेसिंग या चित्रकोडिंगच्या साधनाचं हे ब्राउझरमधलं भावंड, आणि कोडिंग न येणाऱ्यालाही ते खरंच जवळ घेतं.

माझ्या चित्रात बोट टेकवलं की ओल्या कागदावर रंग पसरावा तसा डाग फुलतो आणि बोटामागे वाहत जातो. एकटा माणूस असला की सुरेख चालतं. दोघे आले, पहिल्याने बोट उचललं, की दुसऱ्याचा निळा रंग अचानक पिवळा होतो आणि पडद्यावर एक आडवी रेघ उमटते. मी स्पर्श यादीतल्या क्रमांकाने ओळखत होते. बोट उचललं की क्रम सरकतो, हे उशिरा कळलं. आता प्रत्येक स्पर्शाच्या आयडीप्रमाणे (बोट उचलेपर्यंत न बदलणारी त्याची ओळख) रंग ठेवलाय, तेवढं सुटलं.

अडलंय ते पुढे. मोठ्या पडद्याला इन्फ्रारेड फ्रेम आहे. ती काचेलगतचे किरण अडले की स्पर्श मानते, त्यामुळे बाही किंवा तळहाताची कडही रंग सांडते. लहान मुलं तर अख्खा पंजा ठेवतात, आणि मला त्यांना थांबवायचं नाहीये!

कोणी असं काम केलंय का? अगदी जवळजवळचे स्पर्श कोडमध्ये एकत्र धरावेत, की सरळ कपॅसिटिव्ह (मोबाइलसारखा, बोटाच्या विद्युत परिणामाने स्पर्श ओळखणारा) पडदा घ्यावा? कोडचा छोटा तुकडा दाखवलात तर फार उपकार होतील.