डोहाळजेवण सुटसुटीत कसं करावं? मदत हवी आहे

धाकट्या भावाच्या बायकोचं डोहाळजेवण एप्रिलच्या शेवटच्या रविवारी करायचं ठरतंय. तेव्हा तिला सातवा असेल. डोंबिवलीत सोसायटीचा हॉल, एसी नाही, माणसं ४०च्या आसपास. सगळं माझ्या गळ्यात, म्हणजे नणंदेच्या.

तिची अट एकच: "ताई, मला गौरीसारखं मांडून ठेवू नका."

ही धास्ती तिने माझ्याच फोटोंवरून घेतलीय. नऊ वर्षांपूर्वी मला थर्माकोलच्या चंद्रावर बसवलं होतं. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं निशिगंधाचं, आणि मला तेव्हा त्या वासाने मळमळायचं. साठेक बायकांनी ओटी भरली, प्रत्येकीचा वेगळा फोटो. मांडीवर नारळ इतके साठायचे की आई मागून सारखी पदर मोकळा करत होती. माझं पान साडेतीनला वाढलं, तोवर अळूवड्या संपल्या होत्या. पाय एवढे सुजले होते की नवऱ्याच्या चपला घालून घरी आले. फोटोत मात्र मी छान हसतेय.

तर अडचणी अशा:

ओटी सगळ्यांनी भरायची की पाचजणींनी? आईला वाटतं, बाकीच्या रागावतील. (आमची विधवा आत्याही ओटी भरणार आहे. ते ठरलंय, त्यावर चर्चा नको.)

भावजयीची शुगर काठावर आलीय, डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलंय. मग झाकलेल्या दोन वाट्यांत पेढा-बर्फी ठेवून एक उघडायला लावतात, त्याचं काय करू? आणि जेवायला साखरभात हवाच का? तिला डोहाळे कैरीची डाळ आणि थालीपिठाचे आहेत.

फुलांच्या दागिन्यांना पर्याय सुचवा. झोपाळा भाड्याने मिळतोय, पण त्याला पाठ टेकायला काही नाही.

प्रतिसाद १
पाचजणींनीच भरा. बाकीच्यांनी हळदीकुंकू घेऊन जाताना तिच्या हातात फूल द्यावं. आमच्याकडे आमंत्रणातच 'ओटीचं सामान आणू नये' लिहिलं होतं. दोघीजणी रुसल्या, पण जेवून गेल्या.

प्रतिसाद २
झोपाळा रद्द. घरातली हाताची खुर्ची, पाठीला लोड, पायाखाली पाट. वर हिरवी साडी टाकली की कोणाला कळत नाही. दागिन्यांत गजरा तेवढा ठेवा, तोही वास सोसत असेल तर. नाहीतर हिरव्या बांगड्या पुरे.

प्रतिसाद ३
नावातच जेवण आहे, तर तिला आधी वाढा! साडेअकराला ती जेवली की मग औक्षण, ओटी, गाणी. कैरीची डाळ आणि गरम थालीपीठ तिच्या पानात, साखरभात पाहुण्यांना. वाट्यांचं म्हणाल तर एकीत चकली, दुसरीत कडबोळं ठेवा. काय निघालं तर मुलगा आणि काय निघालं तर मुलगी, यावर बायका तासभर भांडतील, तेवढ्यात ती आत जाऊन डाव्या कुशीवर पडेल.

धागाकर्ती
चकली-कडबोळं आवडलं! आईला आत्ताच सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. ती म्हणाली, "कडबोळी मी करते, विकतची नकोत." म्हणजे झोपाळा रद्द झाल्याचं तिच्या लक्षात आलेलं नाही. ते उद्या सांगेन.

थालीपिठं हॉलमध्ये गरम कशी द्यायची? तिथे गॅस पेटवायला परवानगी नाही.