पहिलीला स्पायना बिफिडा, दुसऱ्या बाळाचा विचार करावा का?

घणसोलीची_आई
नमस्कार. मुलगी आता तीन वर्षांची होईल. जन्मली तेव्हा कमरेच्या जरा वर पाठीवर पातळ कातडीची पिशवी होती. मायलोमेनिंगोसील, म्हणजे मणका नीट न मिटल्याने मज्जारज्जू त्या पिशवीत बाहेर आलेला, स्पायना बिफिडाचाच गंभीर प्रकार. लगेच ऑपरेशन झालं, पुढे डोक्यात पाणी साठायला लागलं म्हणून ते काढून नेणारी नळी, शंट, बसवला. आज पायात एएफओ (घोट्याला आधार देणारे पट्टे) घालून, वॉकर धरून चार पावलं टाकते. बोलायला मात्र कुठेच कमी नाही. तपासणीला परळला वाडियात जातो, तर ठाण्याला गाडी बदलेपर्यंत डब्यातल्या सगळ्या बायकांची नावं तिला पाठ झालेली असतात. लघवी आपोआप पूर्ण होत नाही, त्यामुळे दर चार तासांनी मी कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालते. नोकरी त्यासाठीच सोडली.

सासूबाई म्हणतात, "तुमच्यामागे हिचं कोण बघणार? पाठचं एक हवंच." माझी आई म्हणते, "पदरात आहे तिचं नीट कर." दोघींचं ऐकून घेते. ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली होती हेही अजून अधूनमधून निघतं.

खरं सांगायचं तर मला बाळ हवंय. हिला सांभाळायला म्हणून नाही, मलाच हवंय. पण तसं तोंडाने म्हटलं की वाटतं, म्हणजे ही पुरेशी नाही असं मी म्हणतेय का? नवरा रबाळ्याला एमआयडीसीत आहे, शिफ्टची ड्युटी. त्याच्याकडे विषय काढला की "पुन्हा तसंच झालं तर?" एवढंच म्हणतो आणि उठून तिच्याशी खेळायला जातो.

पुन्हा होण्याची शक्यता किती असते? आधी काय करता येतं? आणि तुम्ही कसं ठरवलंत?

कामोठेकर_स्मिता
ताई, आधी ते ग्रहण डोक्यातून काढून टाका. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. बऱ्याच जणींना तोवर दिवस गेल्याचं नीट कळलेलंही नसतं. विळीचा, ग्रहणाचा, पपईचा यात काही संबंध नाही.

माझ्या थोरल्याला हेच आहे. धाकटी ठीक आहे, पण ती ठीक आहे म्हणून तुम्हाला "घ्या" असं सांगणार नाही. आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं ते असं: एक बाळ असं झाल्यावर पुढच्या वेळी शक्यता शंभरात दोन ते पाच. इतरांपेक्षा नक्कीच जास्त, तरी शंभरातल्या निदान पंच्याण्णव बाळांना हा दोष नसतो. हा आकडा दोष फक्त पाठीचा असेल तर. सोबत गुणसूत्रांचं किंवा दुसरं काही असेल तर हिशोब बदलतो, म्हणून मुलीची फाईल घेऊन आधी जेनेटिक काउन्सेलिंग (आनुवंशिक दोषांबद्दल तज्ज्ञांचा सल्ला) करून घ्या.

दुसरं फोलिक अ‍ॅसिड. नेहमीची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी आपल्यासारख्यांसाठी पुरेशी नसते. १९९१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांचाच. रोज ४ मिलिग्रॅम घेतल्यावर पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. ती दिवस जाण्याच्या आधीपासून हवी, निदान एक महिना, मला तर तीन महिने आधी सुरू केली होती. नंतर १२ आठवड्यांपर्यंत. डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि आधी बी-१२ तपासा, शाकाहारी असाल तर नक्कीच, कारण फोलिकच्या मोठ्या डोसाने बी-१२ ची कमतरता झाकली जाते. मल्टीव्हिटॅमिनच्या चार-चार गोळ्या घेऊन डोस गाठायला मात्र जाऊ नका, त्यात अ जीवनसत्त्व जास्त होतं आणि ते गर्भाला वाईट. फिटची औषधं चालू असतील किंवा साखर असेल तर तेही आधीच सांगा.

कोपरीचा_बाबा
आम्ही एकावर थांबलो. मुलगा चौदा वर्षांचा आहे, व्हीलचेअरवर, आठवीत. भीतीने थांबलो नाही. बायकोने स्पष्ट सांगितलं की तिच्या अंगात आता दुसऱ्या बाळंतपणाएवढी ताकद नाही, आणि ते मला पटलं. लोकांनी खूप ऐकवलं.

तुमच्या सासूबाईंचा प्रश्न खोटा नाही, पण त्याचं उत्तर बाळ हे नाही. जे मूल अजून जन्मलेलं नाही त्याच्या डोक्यावर हे ओझं आत्ताच ठेवू नका. आमचा मुलगा नऊ वर्षांचा असताना स्वतः कॅथेटर घालायला शिकला. त्या दिवसापासून "पुढे कोण बघणार" हा प्रश्न आमच्या घरात निम्मा झाला. उरलेला निम्मा पैशाचा आणि लिफ्ट असलेल्या घराचा आहे. त्याच्यासाठीच आमची बचत चालू आहे.

तुम्हाला स्वतःला बाळ हवंय हे लिहिलंत, मला वाटतं तेच एक धडधडीत कारण आहे. त्यात मुलीचा काही अपमान नाही.

सिस्टर_कळवा
मी प्रसूती विभागात काम करते. एकच सांगते, पण ते महत्त्वाचं आहे. गोळी सुरू करायच्या आधी दोघांनी बसून ठरवा की सोनोग्राफीत पुन्हा दिसलं तर काय करणार. ११ ते १४ आठवड्यांची एक सोनोग्राफी असते, १८ ते २० मध्ये अ‍ॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाच्या शरीरात दोष आहेत का ते बघणारी. पाठीचा दोष बहुतेक वेळा या दुसऱ्यात कळतो. तोवर बाळ हलायला लागलेलं असतं, घरात सगळ्यांना कळलेलं असतं, आणि जोडपी त्या खोलीच्या बाहेर पहिल्यांदाच एकमेकांना विचारतात, "आता?" फार हाल होतात.

कायद्याचं म्हणाल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर गर्भपाताला २४ आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. पण कायद्याने परवानगी असणं वेगळं आणि तुम्हाला ते करायचं असणं वेगळं. पुढे न्यायचं ठरवलंत तरी आधी कळल्याचा उपयोग होतो, बाळंतपण बालशस्त्रक्रियेची सोय असेल तिथेच ठरवता येतं. नवरा उठून जातो म्हणता, त्याला हेच विचारा. "पुन्हा तसंच झालं तर" यावर त्याच्या मनात काहीतरी उत्तर असेल, बोलायला जमत नसेल.

घणसोलीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मुलगी झोपल्यावर हा धागा नवऱ्याला वाचायला दिला. सिस्टर, तुमचा प्रतिसाद त्याने दोनदा वाचला. मग म्हणाला, दिसलं तरी मी पुढे नेईन, पण तुझी तब्येत आणि हिची फिजिओ दोन्ही कसं होणार याची मला जास्त भीती वाटते. एवढं तो या विषयावर पहिल्यांदाच बोलला. माझं उत्तर अजून त्याच्यासारखं पक्कं नाही, तेही त्याला सांगितलं. मुलीची फाईल घेऊन काउन्सेलिंगची वेळ घेतोय. बी-१२ ची तपासणी करून घेईन. ग्रहणाचं सासूबाईंना तोच सांगणार आहे, माझ्यापेक्षा त्याचं ऐकतील.

कोपरीचा_बाबा, एक विचारायचं होतं. मुलाला कॅथेटर शिकवायला नेमकी सुरुवात कुठून केलीत? मुलींना ते जास्त अवघड जातं, आरसा लागतो असं ऐकलंय. कुणाच्या मुलीने शिकलं असेल तर त्यांनीही सांगा.