मॉन्स्टर्स युनिव्हर्सिटी आधी दाखवायचा की मॉन्स्टर्स इंक?

कर्वेनगरकर: शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पोरांना सिनेमा दाखवायचाय, वयं 5 ते 10. युनिव्हर्सिटीची कथा आधी घडते, म्हणून तोच आधी लावू का? पहिल्याच्या तोडीचा आहे का?

रीळवाला: उलट करा. 2001चा मॉन्स्टर्स इंक आधी, 2013चा युनिव्हर्सिटी नंतर. रँडल हा राक्षस पहिल्यात खलनायक म्हणून पाहिला, तरच दुसऱ्यात तो चष्मा लावलेला लाजाळू रूममेट म्हणून बघताना गंमत येते. आणि दोन्ही एका बैठकीत नकोत. 92 आणि 104 मिनिटं, म्हणजे सव्वातीन तास. लहानगी मध्येच उठतात.

पेठेतली: तोडीचा नाही. पहिल्यात मुलांच्या किंचाळीवर चालणारं राक्षसांचं शहर आणि बू ही चिमुरडी, दोन्ही कल्पना अस्सल. इथे बू नाही, मधला भाग नेहमीचा कॉलेजपट. पण शेवट बेधडक. माईक हा नायक राक्षस घाबरवण्याची स्पर्धा जिंकतो ती त्याचा मित्र सली याच्या लबाडीमुळे, पुढे दोघांचीही कॉलेजातून हकालपट्टी होते आणि कंपनीच्या टपाल विभागापासून नोकरीची सुरुवात. मुलांच्या सिनेमात मेहनतीला असं अपयश क्वचितच दिसतं.

रीळवाला: सहमत. शिवाय एक विसंगती आहे. पहिल्यात माईक सलीला म्हणतो, चौथीपासून माझ्या रूपावर जळतोस. इथे मात्र ओळखच कॉलेजात! चाणाक्ष पोरं लगेच पकडतील. प्रकाशयोजना आणि सलीची केसाळ कातडी नव्यातच सरस, त्यात वादच नाही.

पेठेतली: शेवटाकडे अंधाऱ्या केबिनमध्ये मोठ्यांना घाबरवायचा प्रसंग आहे. पाच वर्षांची पोरं असतील तर हॉलचा एखादा दिवा चालू ठेवा.