संरक्षण खात्यातील असैनिक कामगार: सरकारी दर्जा टिकावा की जावा?

धागाकर्ता:
१ ऑक्टोबर २०२१ रोजी लष्करासाठी शस्त्रे आणि दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी कारखान्यांचे आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांकडे गेल्या आणि कामगारांना मानीव प्रतिनियुक्तीवर, म्हणजे सरकारी कर्मचारी म्हणूनच पण कंपनीच्या कामावर, तेथे पाठवण्यात आले. माझे स्पष्ट मत आहे की त्यांचा केंद्रीय कर्मचाऱ्याचा दर्जा निवृत्तीपर्यंत टिकलाच पाहिजे. डेंजर बिल्डिंग वर्कर, म्हणजे स्फोटकांच्या इमारतीत काम करणारा कामगार, काडीपेटी आणि मोबाइल दारातच ठेवतो, अंगातील स्थिर विद्युत उतरवण्यासाठी धातूच्या पट्टीला हात लावतो आणि मगच दारूगोळ्याच्या इमारतीत शिरतो. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर निर्माणीत झालेल्या स्फोटात आठ जणांचा जीव गेला. हे काम देशाच्या संरक्षणाचेच आहे.

प्रतिसाद, असहमत:
जोखमीबद्दल दुमत नाही. मात्र खासगी स्फोटक कारखान्यांतही अशीच माणसे दगावतात आणि त्यांच्यासाठी असा दर्जा कोणी मागत नाही. जोखमीचे उत्तर सुरक्षा आणि भरपाई हे आहे. लष्कराची मागणी हमखास असल्याने जुन्या व्यवस्थेत उत्पादनाच्या दर्जाची हेळसांड झाली, त्यावर कॅगने, म्हणजे सरकारी खर्चाच्या लेखापरीक्षकांनी, वारंवार ताशेरे ओढले, आणि त्या दारूगोळ्याची किंमत तोफेवरच्या जवानाला मोजावी लागते. कंपनीला बाजारात उतरवायचे असेल, तर मनुष्यबळाचे निर्णयही तिच्याच हाती हवेत.

प्रतिसाद, अंशतः सहमत:
ज्या दर्जासाठी वाद चालला आहे तो मुळातच तोकडा आहे. संरक्षणाशी संबंधित पद म्हणून या कर्मचाऱ्यांना घटनेच्या कलम ३११ चे, म्हणजे चौकशीशिवाय बडतर्फ न होण्याचे, संरक्षण मिळत नाही. उलट १ जानेवारी २००४ पासून रुजू झालेल्यांना जमा निधीवर आधारलेली नवी पेन्शन योजना लागू झाली, जिच्यातून सैन्यदले मात्र वगळली गेली. एक वर्षाच्या मुदतीच्या २०२१ च्या अत्यावश्यक संरक्षण सेवा कायद्याने तर संपासाठी एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा ठेवली होती. बंधने लष्करासारखी आणि निवृत्तिवेतन इतर बाबूंसारखे, ही विसंगती आधी दूर व्हावी.

धागाकर्ता:
कलम ३११ चा मुद्दा मान्य आहे, पण तोकडे छत्र काढून घेण्याचे ते कारण ठरत नाही. उत्पादनाच्या दर्जाच्या हेळसांडीचे खापरही कामगारावर फोडता येणार नाही, कारण कच्चा माल आणि तपासणी यांचे निर्णय तो घेत नाही.

प्रतिसाद, असहमत:
मग नव्या भरतीचे काय? त्याच इमारतींत आता ठरावीक मुदतीच्या करारावर डेंजर बिल्डिंग वर्कर घेतले जात आहेत, बहुतेक निर्माणीतच शिकाऊ उमेदवारी केलेले. तुमची मागणी मान्य झाली तरी त्यांच्या पदरात काहीच पडत नाही.

धागाकर्ता:
म्हणूनच ती मागणी त्यांच्यासाठीही आहे. त्यांनाही कायम करा.