मदत हवी आहे: चौथी पास झालेल्या लेकीला आकाशगंगा दाखवायची आहे, उठवावं की जागवावं?

प्राथमिक शाळा संपली म्हणून मे महिन्यात मुलीला एका रात्रीसाठी गावदिव्यांपासून दूर नेतोय. वय १०. सुट्टी फक्त शनिवार-रविवारची.

दोन शनिवार हाताशी आहेत. पहिला अमावास्येच्या ३ दिवस आधी: चंद्र पहाटे सूर्योदयाच्या साधारण अडीच तास आधी उगवेल, तोवर पूर्ण अंधार. दुसरा अमावास्येनंतर ४ दिवसांनी: कोर सूर्यास्तानंतर तीन-साडेतीन तासांत मावळेल, पुढे पहाटेपर्यंत अंधार. माझा कल दुसऱ्याकडे, कारण संध्याकाळी दुर्बिणीतून (७×५०) चंद्रावरची विवरंही दिसतील. मुलांना ती फार आवडतात.

अडचण झोपेची. मे महिन्यात धनू राशीकडचा दाट पट्टा मध्यरात्रीनंतरच नीट वर येतो. दुपारी झोपवून पाहिलं, तरी अकरापुढे ती टिकत नाही. मध्येच उठवलं तर चिडचिड, शिवाय डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात ती वेगळीच. टॉर्चला लाल कागद लावलाय, मोबाइल बंद ठेवणार. गाडी लागते, त्यामुळे रात्रीचा प्रवास नको. मुक्काम तिथेच, अंगणात चटई टाकून.

लहान मुलांना घेऊन हे केलेल्यांनी सांगा: साडेबारापर्यंत जागवणं जमतं, की नऊला झोपवून अडीचला उठवणं बरं? आणि उठवल्यावर ती अर्धा तास अंधारात कशी रमवायची?